नाकातला निळा गुलाल

मी रानवीर बेचाळीस बोलतोय. मुक्काम बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर. बेचाळीस हा माझ्या ताकदीचा आकडा, वयाचा नव्हे. वय चौदा. माणसांत चौदाव्या वर्षी मिसरूडही फुटत नाही, पण ट्रॅक्टरांत या वयाला 'आता किती दिवस ओढणार?' असं विचारायला सुरुवात होते. या एप्रिलमध्ये मलाही विचारलं गेलं, तेही माझ्याच कंपनीच्या दारात. त्याचं उत्तर मी कसं दिलं, ते ऐकाच.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाजूनं लोखंड आत गेलं आणि दुसऱ्या बाजूनं आम्ही पिवळेधमक होऊन बाहेर पडलो. तिथून दाटीवाटीनं एका लांबलचक गाडीवर बसून हायवेवरच्या शोरूमला आलो. शोरूममध्ये उभा राहून मी माणसं पाहायला शिकलो. ट्रॅक्टर घ्यायला आलेला माणूस आधी इंजिन बघत नाही, आधी टायरला लाथ मारतो. का मारतो, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

भागुजींनी लाथ मारली नाही. ते आले, माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. सेल्समन माझे गुण सांगायला लागला तसे म्हणाले, "तुमी नका सांगू, मी सांगतो. निरगुडसरला दुसऱ्याच्या बागायतीवर एकोणीस वर्सं ह्याचा थोरला भाऊ चालवला. एक दिस मला खाली उतरून ढकलाय लावलं न्हाई. आता पयल्यांदा सवताचा घ्यायचाय. घीन तर रानवीरच."

मी त्याच क्षणी त्या माणसाचा झालो.

घरी नेल्यावर त्यांच्या पत्नी शकुबाई यांनी माझ्या चाकांवर पाणी घातलं, फुलं वाहिली. सगळ्या घरानं हात जोडून बुद्धवंदना म्हटली आणि पेंटरनं माझ्या कपाळावर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलं. ज्या घरात तीन पिढ्या दुसऱ्याचं औत हाकलं गेलं, त्या घरातला मी पहिला स्वतःचा ट्रॅक्टर. त्यामुळे माझा रुबाबही तसाच होता, खोटं कशाला बोलू?

बोरीत माणसांच्या पार्ट्या निवडणुकीपुरत्या असतात, ट्रॅक्टरच्या पार्ट्या मात्र बारमाही. निम्मं गाव रानवीरवाल्यांचं, निम्मं मातबरवाल्यांचं. आमच्या बांधाला बांध असलेले भगवंतभाऊ कट्टर मातबरवाले. चहाच्या टपरीवर ते आले की भागुजींना म्हणायचे, "बाबा, तुमचा रानवीर लई आवाज करतो राव." त्यावर भागुजी बशीतून नजर न काढता म्हणायचे, "चालणाऱ्याचाच आवाज येतो, भगवंता. उभ्याचा कुठून येनार?" दोघं एकाच बशीतला चहा प्यायचे आणि रोज असे भांडायचे.

पुढे भागुजींचे गुडघे बोलायला लागले. मुलगा बुद्धभूषण चाकणला कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी. तेव्हा सून रत्ना पुढे झाली. पहिल्या दिवशी तिनं क्लच असा सोडला की मी बेडकासारखी उडी मारली. बांधावरची माणसं हसली. ती हसली नाही. तिनं परत चावी फिरवली. आज तिच्याइतकी सरळ सरी अख्ख्या शिवारात कुणी पाडत नाही, आणि हसणारेच तिला फोन करून म्हणतात, "वहिनी, आमच्या रानाचा नंबर कधी?"

आता मुद्द्यावर येतो. यंदा भागुजींच्या घरचा तीन एकर गावरान कांदा काढला होता. शेतात ढीग घालून वर पात झाकून ठेवलेला. तो बराखीत, म्हणजे घराजवळच्या कांदा साठवायच्या जाळीच्या चाळीत नेऊन भरला की वर्षाची निश्चिंती. भिजला तर सडून उकिरड्यावर. जयंतीची मिरवणूक झाली की दुसऱ्या दिवसापासून मी खेपा टाकायच्या, असं ठरलं होतं.

जयंतीच्या सकाळी भागुजींनी मला नवरदेवासारखं धुतलं. बॉनेटच्या आत माझं नाक असतं: एक तेलाची वाटी. मी जी हवा ओढतो, तिच्यातली धूळ त्या तेलात बसते. भागुजींनी ती वाटी उतरवून डिझेलनं घासली, नवं तेल भरलं. दुपारी मिरवणूक निघाली. माझ्या ट्रॉलीत फुलांनी सजवलेली प्रतिमा, पुढे लेझीम, आणि माझ्या तोंडासमोर गावातला दादाभाऊ. या दादाभाऊनं भुसा उडवायचं ब्लोअर आणलं होतं. त्यानं त्यात पोत्यानं निळा गुलाल भरला आणि चार तास माझ्या नाकासमोर उडवला. सगळं गाव निळं झालं. भगवंतभाऊ पाणी वाटत होते, तेही निळे. रत्ना स्टिअरिंगवर, डोळे तेवढे दिसत होते. इतका आनंद होता की मीही छाती भरभरून श्वास घेतला.

तिथंच घात झाला.

दुसऱ्या दिवशी कांद्याची पहिली ट्रॉली घेऊन कॅनॉलचा चढ चढायला लागलो आणि माझा दम कोंडला. काळा धूर निघाला. रत्नानं गिअर उतरवला, रेस वाढवली, पण आत हवाच येईना. चढाच्या मधोमध मी बंद पडलो. मला माझा आजार माहीत होता. मी घसा खरवडून सांगत होतो, 'नाकात गुलाल गेलाय हो!' पण माणसांना त्यात फक्त घरघर ऐकू येते.

भागुजींनी शोरूमला फोन लावला. "मेकॅनिक निघालाय," तिकडून उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी फोन केला, मेकॅनिक निघालेलाच होता. तिसऱ्या दिवशीही निघालेलाच. बोरीपासून शोरूम बारा किलोमीटर. एवढ्यात तो चालत चालत घाटघरचा डोंगर चढून माघारी आला असता.

भगवंतभाऊ बांधावरून म्हणाले, "बाबा, माझ्या मातबरनं तुमच्या खेपा टाकतो. आभाळ बघा कसं येतंय."

रत्ना हो म्हणणार एवढ्यात भागुजी म्हणाले, "न्हाई. माझा कांदा मातबरच्या मागं जानार न्हाई. माझी कंपनी येतीय."

"मामा, कांदा सडल्यावर कंपनीला दावायचा का?" रत्ना म्हणाली. सासऱ्याला ती एवढं कधी बोलत नसे. भागुजींनी मान फिरवली. खरं सांगतो, मला त्या दिवशी त्यांचा अभिमानही वाटला आणि रागही आला. निष्ठा चांगली, पण ढीग उघड्यावर पडलेले असताना?

चौथ्या दिवशी सकाळी मला शोरूमलाच ओढून न्यायचं ठरलं. आणि ओढणार कोण? मातबर! साखळी बांधली गेली. भागुजींनी आतून एक बारदान आणलं आणि माझ्या बॉनेटवरच्या 'रानवीर' या नावावर टाकून सुतळीनं घट्ट बांधलं. टपरीवरून जाताना कुणी नाव वाचू नये म्हणून. पिवळा रंग, कपाळावर 'जय भीम', स्टिअरिंगवर रत्ना, मागच्या चाकावरच्या पंख्यावर स्वतः भागुजी! कोण ओळखणार नव्हतं? टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले. भगवंतभाऊंनी मात्र मागं वळून एकदाही टोमणा मारला नाही. उलट त्यामुळेच मला जास्त लाजल्यासारखं झालं.

शोरूममध्ये आदेश नावाचा मेकॅनिक आला. त्यानं कार्ड काढून एकेक विचारायला सुरुवात केली. डिझेल? भरलंय. फिल्टर? बदललाय.

"एअर क्लीनर साफ केलाय का, बाबा?"

"केलाय म्हंजी? जयंतीच्या सकाळीच वाटी घासली. नवं तेल घातलं," भागुजी म्हणाले, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आदेशनं बरोबरची खूण केली. मी आतून कपाळावर हात मारला.

मग मॅनेजरसाहेब आले. डिझेल पंप पुण्याला पाठवावा लागेल, इंजिन खोलावं लागेल, पंधरा-वीस दिवस धरा, असं एका दमात म्हणाले. माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाले, "खरं सांगू का, काका? चौदा वर्षं झाली. ह्यात आता काही राहिलं नाही. शनिवारी आमचा एक्स्चेंज मेळावा आहे. हे भंगार इथंच ठेवा, नवं घेऊन जा. ताई, इथं सही करा."

भंगार. ज्या माणसानं तेहतीस वर्षं या कंपनीचं नाव खाली पडू दिलं नव्हतं, त्याच्यासमोर कंपनीच्याच माणसानं हा शब्द उच्चारला. भागुजी बाकावर बसले. माझ्या नावावरून सोडलेलं ते बारदान त्यांनी मांडीवर घेतलं. चौदा वर्षांत मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

रत्नानं कागद हातात घेतला. बाहेर पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. शेतात तीन एकर कांदा आणि राखायला शकुबाई. सही केली तर नवा ट्रॅक्टर शनिवारी, आणि पाऊस काही शनिवारपर्यंत थांबणार नव्हता. सही न करावी तर वीस दिवस. "जरा थांबा," ती म्हणाली, "टूलबॉक्समधलं सामान काढून घेते."

ती माझ्याजवळ आली. सामान काढलं, आणि सवयीनं पदरानं माझं बॉनेट पुसलं. मग बॉनेटवर टोपीसारखी जी हवा ओढायची जाळी असते, तीही पुसली. पदर निळा झाला. ती थबकली. जाळीत बोट घातलं. बोट निळं.

"आदेशभाऊ, वाटी उघडा."

"बाबांनी साफ केलीय म्हणाले की, ताई."

"सकाळी केली. मिरवणूक दुपारनं निघाली."

भागुजी उठून आले. "अगं, गुलाल हाय तो! जयंतीचा गुलाल! गुलाल म्हंजी काय घाण हाय व्हय?"

"आपल्याला न्हाई, मामा," रत्ना म्हणाली. "ह्याला हाय."

आदेशनं वाटी उतरवली. आत तेल नव्हतंच. पिठल्यासारखा घट्ट निळा गोळा होता. वरची जाळी हातानं चाचपली तर भिंतीसारखी लिंपलेली. आदेशला हसू फुटलं. "बाबा, ह्याला पंप-बिंप काय झालं न्हाई. ह्याचं नाक चोंदलंय फक्त!"

वीस मिनिटं. फक्त वीस मिनिटं लागली. डिझेलनं जाळी धुतली, पाइप फुंकला, नवं तेल भरलं. रत्नानं चावी फिरवली. मी एकदा खोकलो, दोनदा खोकलो आणि मग जो श्वास घेतला म्हणता! शोरूमच्या काचा थरारल्या. मॅनेजरसाहेब फोनवर बोलत होते, त्यांना बाहेर जाऊन बोलावं लागलं. रत्नानं तो सहीचा कागद काउंटरवर ठेवला आणि वर माझा जुना पाना ठेवला, उडू नये म्हणून.

भागुजींनी बारदानाची घडी करून काखेत मारली. माझं नाव उन्हात लखलखलं.

साडेबाराला बोरीत आलो. ट्रॉली जोडली. शकुबाई आणि कांदा काढणाऱ्या बाया ढिगांवरची पात काढूनच उभ्या होत्या. पहिली खेप भरली. तोच कॅनॉलचा चढ. रत्नानं मला एका गिअरमध्ये वर नेलं, कुठेही न अडखळता. दुसरी खेप, चौथी, सातवी. आभाळ खाली खाली येत होतं आणि मी पळत होतो. पाचच्या सुमाराला आमची शेवटची ट्रॉली बराखीत रिकामी झाली. बाया खाली बसल्या. शकुबाईंनी पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की रडू, ते मला दिसलं नाही.

तेवढ्यात रत्नानं बांधापलीकडे पाहिलं. भगवंतभाऊंचा मातबर एकटा धावत होता आणि त्यांचे चार मोठे ढीग अजून रानातच होते. अर्धा दिवस त्यांनी आम्हाला ओढण्यात घालवला होता.

ती काही बोलायच्या आत भागुजी माझ्या पंख्यावर चढून बसले. दुखऱ्या गुडघ्यानं. "बघतीस काय? वळव."

भगवंतभाऊ म्हणाले, "बाबा, मातबरवाल्याचा कांदा रानवीरच्या ट्रॉलीत? चालंल का?"

"आधी भर," भागुजी म्हणाले. "भांडू उद्या."

मग काय! एक पिवळा, एक किरमिजी, दोघं एकामागं एक त्या वाटेनं पळत होतो. भागुजी स्वतः पाट्या उचलून देत होते. शेवटची पाटी बराखीत पडली आणि पत्र्यावर पहिली गार टणकन वाजली. मग गारांनी रान पांढरं करून टाकलं. रानात मात्र दोन्ही घरांचा एकही कांदा उरला नव्हता. चौदा वर्षांत मी पुष्कळ नांगरलं, पुष्कळ ओढलं, पण इतका ताठ मी कधी उभा नव्हतो. गारांनी माझ्या बॉनेटला तीन खड्डे पाडले आहेत. आदेश म्हणतो ठोकून काढू. मी म्हणतो, राहू द्या.

आणि आता, तुमच्याशी बोलायच्या थोडंच आधी, भागुजींना कंपनीतून एका मुलीचा फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"सर, आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?"

"ट्रॅक्टरला पाच," भागुजी म्हणाले. "आदेशला चार. वाटी उघडाय उशीर केला त्यानं. मला भोपळा, मीच साफ हाय म्हनून सांगितलं. सूनबाईला पाचातलं सा."

"आणि शोरूमला, सर?"

"त्यांचा पेपर अजून तपासायचाय."

मुलगी हसली असावी. मग तिनं पाठ केलेला शेवटचा प्रश्न विचारला. "सर, तुमचा पुढचा ट्रॅक्टरही रानवीरच असेल का?"

मी श्वास रोखला. कंपनीवर जीव टाकणारा हा माणूस. मला वाटलं, ते 'हो' म्हणतील; आणि 'हो' म्हणजे माझ्यानंतरचा दुसरा कुणीतरी.

भागुजी माझ्याजवळ आले. माझ्या बॉनेटवरच्या एका खड्ड्यावरून अंगठा फिरवला.

"पुढचा?" ते म्हणाले. "पोरी, मला कंपनीचं काय घेनं न्हाई. माझा हाय की हितं उभा."

वाचणाऱ्यांनो, तुमच्या दारातही माझ्यासारखा एखादा उभा असेल. तो कुरकुरायला लागला तर दुसऱ्याच्या कागदावर सही करायच्या आधी एकदा त्याच्यावरून स्वतःचा हात फिरवा. आम्हाला बोलता येत नाही, पण आम्ही काही लपवतही नाही.

बरं, येऊ का? रत्ना आली. घात सुटायच्या, म्हणजे जमिनीतली नांगरटीपुरती ओल उडायच्या आत भगवंतभाऊंचं रान नांगरायचंय.