आमची दुसरी शाखा

मास्तर असे शिंपी, की रस्त्याने जाणाऱ्याची नुसती सावली बघून पँट बेतायचे. एकदा म्हणे सावली भर दुपारची निघाली आणि गिऱ्हाइकाच्या हाती अर्धी चड्डी पडली. पण ते सोडा.

कापणं-शिवणं मास्तरांचं, काजं-बटणं बाईंची. सव्वीस वर्षं नवरा-बायको एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून दिवसभर भांडत आणि त्या तालावर शर्ट तयार होत. पाटीवर ऐटीत लिहिलेलं होतं : आमची कोठेही शाखा नाही.

मग मास्तरांच्या डोक्यात मोठं व्हायचं वारं शिरलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांनी गाळा घेतला, पाटीवरची ओळ खोडली आणि विश्वासाचं माणूस दुसरं कोण, म्हणून तिथे बाईंना बसवलं. त्या नको नको म्हणत होत्या.

मास्तरांना काजं कुठे येत होती? आणि बाईंना कापणं-शिवणं? त्यामुळे तिकडची मापं बसने इकडे यायची, शर्ट बसने तिकडे जायचे आणि काजं होऊन परत यायचे. बाई घरी पोचेपर्यंत मास्तर झोपलेले, मास्तर उठेपर्यंत बाई निघालेल्या. बोलणं उरलं ते शर्टांच्या खिशातल्या चिठ्ठ्यांपुरतं. मास्तर विचारत, "जेवलीस का?" उत्तर येई, "आधी तुम्ही जेवा."

एक चिठ्ठी काढायची राहिली. गिऱ्हाइकाच्या बायकोला नवऱ्याच्या कोऱ्या शर्टात सापडलं, "तुमच्यावाचून करमत नाही." तिने दुकानात येऊन असा आवाज लावला की डबीतल्या सुया बोथट झाल्या. मास्तर मात्र तो कागद पुन्हापुन्हा वाचत होते. बाई तोंडाने असं कधी बोलल्या नव्हत्या.

झाला प्रकार कळल्यावर बाईंनी लाजेने चिठ्ठ्याच बंद केल्या. मास्तर महिनाभर रिकामे खिसे चाचपत राहिले.

शेवटी एका दुपारी ते दुकानाला कुलूप लावून निघाले. शाखा गुंडाळू या, एवढंच घोकत दोन बस बदलून पोचले. तिथे ही रांग. मास्तर मुकाट्याने बाकावर बसले. पाळी आली तेव्हा मान वर न करताच बाईंनी छातीभोवती टेप फिरवली आणि हात थबकला.

"दुकान सोडून इथं काय करताय?"

"शर्ट शिवायचाय."

"दोन इंच उतरलात की हो." मग त्या हळूच म्हणाल्या, "तिसऱ्या गाळ्याचं जमवलंय मी. म्हटलं, तुमचं एवढं मनात आहे, तर आता मागे कशाला हटायचं?"

मास्तरांनी मापासाठी हात पुन्हा वर केले.

"बरं केलंस," ते म्हणाले.

"मंगळवारी न्या," बाई माप लिहीत म्हणाल्या. मागच्या माणसाने मास्तरांना खांद्याने जरा बाजूला सारलं. मंगळवार अजून पाच दिवसांवर होता.