कुमारिकेचं ताट

गुंजनच्या फ्रॉकच्या खिशातून चेंदामेंदा झालेलं केळं निघालं, त्यामागून दोन बिस्किटं आणि राजगिऱ्याचा अख्खा लाडू. सकाळपासून तानबांनी नातीच्या हाती जे जे दिलं, ते सगळं तिथंच होतं. पोरगी मात्र आजोबांच्या मांडीवर मान टाकून पडली होती. हात गार, कपाळावर घाम.

"हे खाल्लं काऊन नाई तू?"

"मी आज देवी हाय," गुंजन डोळे न उघडताच पुटपुटली. "देवीनं पह्यले खायचं नसते. आजीनं सांगतलं."

तानबांचं डोकं सणकलं. वर्षभर या माणसानं एकच काम केलं होतं, ते म्हणजे या पोरीला उपाशी न ठेवणं. प्रफुल आणि मयुरी, तिचे आईबाप, रोज सेलूहून नागपूरला नोकरीला जात. म्हणून हे काम तानबांकडे आलं होतं आणि ते त्यांनी इमानानं केलं होतं.

गेल्या वर्षी साध्या तापानंतर गुंजन सकाळी उठलीच नव्हती. सावंगीच्या दवाखान्यात ती शुद्धीवर आली. तिच्या बोटाचं रक्त जाड कागदावर टिपून, वाळवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं गेलं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की पोटातलं अन्न संपलं की शरीर चरबी जाळतं. ही चरबी पेशीच्या भट्टीत वाहून नेणारा एक हमाल असतो, त्याचं नाव कार्निटिन. गुंजनच्या भट्टीत एका मापाचं ओझं जळतच नाही. मग ते हमाल ओझ्यासकट रक्तात परत येतात, त्यांना ॲसिलकार्निटिन म्हणतात आणि ते तिच्या रक्तात भरमसाट सापडले आहेत.

तानबांचा जन्म सेलूच्या एका जिनिंगच्या फाटकावर गेला होता. आतलं मशीन बंद पडलं की कापसाच्या भरल्या गाड्या पार रस्त्यापर्यंत तुंबतात, हे त्यांनी दर हंगामात पाहिलं होतं. माल आहे, गाड्या आहेत, पण आत काम बंद. त्यांना लगेच पटलं. औषध विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर खाणं हेच औषध. आजारी पडली आणि खाईनाशी झाली, की तडक इथं आणायचं.

इथंच सगळा घोळ झाला. ना गोळी, ना इंजेक्शन, मग हा कसला रोग? पोरगी गुटगुटीत, दिवसभर उड्या मारणारी. नातलग म्हणत, म्हाताऱ्यानं नातीला लाडावून ठेवलंय. समजावून समजावून तानबांची जीभ झिजली होती. आणि आता घरातच हे.

घर तसं दुसऱ्याचं होतं. नालवाडीला तानबांच्या बायकोची, कौशल्याबाईंची बहीण रुख्माबाई राहायची, तिच्याकडे नवरात्रातल्या अष्टमीला कुमारिका जेवायला बसवत. पाटावर ताटं मांडलेली होती आणि आरती रुख्माबाईंच्या जावयासाठी थांबली होती. जावई वाटेत कुठं अडकले होते ते देवीलाच ठाऊक. दुपार कलली होती.

शेजारच्या एका बाईनं गुंजनचे मिटलेले डोळे पाहिले आणि हात जोडले. अंगात आली वाटते, असं म्हणून तिनं पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं. दुसरी पाया पडायला वाकली. तानबांनी तिचा हात झटकला.

"अवो, देवी नाई, भुकेनं मरून राह्यली ते," ते म्हणाले. आवाज चढला होता.

त्यांनी नैवेद्याच्या वाटीतली साखर घेतली, पाण्यात कालवली आणि बोटानं पोरीच्या ओठांना लावली. नैवेद्य उष्टा झाला म्हणून कोणी कुजबुजलं. रुख्माबाईंच्या मुलानं, निकेशनं, तेवढं शहाणपण केलं, गाडी काढली.

गाडीत कौशल्याबाई रडत सांगत होत्या. त्यांनी नवस केला होता, वर्षभर पोरगी धड राहिली तर अष्टमीला तिलाच कुमारिका म्हणून बसवीन. कुमारिका उपाशीच बसवायची असते ना.

"तिच्यासाठीच केलं हो मी," त्या म्हणाल्या.

तानबांना बायकोला खूप काही सुनावायचं होतं. मांडीवरच्या पोरीचा श्वास मोजण्यात ते राहून गेलं.

सावंगीला ग्लुकोजची सलाईन लागली. संध्याकाळी गुंजननं डोळे उघडले तेव्हा प्रफुल आणि मयुरी पोचले होते. मयुरी सासूशी एक शब्दही बोलली नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तानबांना वाटलं.

सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोंडानं नीट खाऊ लागली की सलाईन काढू. मयुरीनं कॅन्टीनमधून पोहे आणले. गुंजननं तोंड घट्ट मिटलं. आईनं विनवलं, बापानं दटावलं, तानबांनी तर माकडाचा आवाजसुद्धा काढला. काही उपयोग झाला नाही.

"आजीनं कुठं खाल्लं?" गुंजन म्हणाली. "आजी खाईन तवा मी खाईन."

सगळे कौशल्याबाईंकडे बघू लागले. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी नवरात्राचे नऊ दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. प्रफुल पोटात होता तेव्हाही नाही. सासू ओरडली, डॉक्टर ओरडले, तानबा तर दरवर्षी डोकं फोडून घेत, पण बाई कधी बधली नव्हती. आज नवमी होती. उद्या उपवास सुटायचाच होता.

कौशल्याबाई उठल्या. त्यांनी मयुरीपुढे हात केला. मयुरी क्षणभर थांबली, मग तिनं ताटली दिली. कौशल्याबाईंनी कांद्यासकट पोह्यांचा घास घेतला आणि आपल्या तोंडात टाकला.

"पाह्य, खाल्लं मी. आता तू खाय."

गुंजननं आजीचं हलतं तोंड बारकाईनं पाहिलं. एक घास घेतला, सावकाश गिळला आणि ताटलीकडे बोट दाखवलं. आता आजीची पाळी होती.

तानबांनी पाण्याचा पेला भरून बायकोजवळ ठेवला. तिनं मान वर केली नाही. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ताटलीत पडत होतं, पण तिनं दुसरा घास तोंडात घेतला आणि नातीला नीट दिसेल असा चावू लागली.