कोरडं बोट

आमच्या घरात कोरड्या बोटाने कुणी पान उलटत नाही. आधी बोट जिभेला, मग पानाला. हे खूळ मी आणलं, कबूल. वडिलांच्या कापडदुकानात बिलबुकं उलटताना सवय लागली, ती घेऊन मी शारजात आलो. लग्नानंतर लतिकाला लागली. मुलगी शर्वाणी तर चार वर्षांची असताना आयपॅडवरचं चित्र सरकवायलाही आधी बोट चाटायची. आम्ही कौतुकाने तिचे व्हिडिओ काढले. गाढव होतो दोघंही.

गेल्या महिन्यात जेवताना ती म्हणाली, "बाबा, पोथीचं पान मी उलटणार आहे."

शर्वाणी अबुधाबीतल्या एका म्युझियममध्ये आहे, नाजूक वस्तू हाताळायच्या खात्यात. तिथे युरोपातल्या एका ग्रंथालयाने वर्षभरासाठी बायबलची पोथी पाठवली आहे. भाषा लॅटिन, अक्षर हाताचं, वय बाराशे वर्षं, आणि पानं कागदाची नव्हेत, वासराच्या कातड्याची. उजेडाने रंग उडतात, म्हणून काचपेटीत एकाच ठिकाणी उघडी ठेवतात आणि दर तीन महिन्यांनी पान बदलतात. पहिल्या वेळी त्या ग्रंथालयाच्या बाई जातीने येणार होत्या. त्यांना शर्वाणीचा हात पसंत पडला, तर पुढची पानं तीच उलटणार. नाही पडला, तर दर खेपेला तिकडून माणूस येणार आणि शर्वाणी त्याच्यासाठी खुर्ची ओढणार. काचपेटी माझ्या वर्कशॉपची आहे. वशिला कुणी कुणाचा लावला हे विचारू नये.

"ग्लव्ह्ज असतील ना गं?" लतिकाने विचारलं.

"नो ग्लव्ह्ज, आई. ग्लव्ह्ज घातले की बोटाला काही कळत नाही, पान फाटतं. धुतलेले, ड्राय हात." 'ड्राय' म्हणता म्हणता तिचा चेहरा उतरला. आम्हा तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. ते नेमकं पान उलटायच्या दिवशी पळायला हवं होतं.

मग तीन आठवडे अल नहदातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सराव चालला. लग्नाचा अल्बम, टाइल्सचे कॅटलॉग, माझी जुनी कोटेशनं, दिसेल ते उलटायचं. लतिकाने शर्वाणीच्या बोटाला कारल्याचा रस लावला. पहिल्या दिवशी पोरीने तोंड वेडंवाकडं केलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "आई, इट्स नॉट दॅट बॅड." लतिका कपाळाला हात लावून बसली. मी परीक्षक होतो आणि मार्क लिहायच्या वहीचं पान थुंकी लावून उलटत होतो.

तो दिवस उजाडला. मी आणि माझा फोरमन मोईन, आम्ही काचेला रबरी पकडी चिकटवल्या. "यल्ला, चलो, आराम से," मोईन म्हणाला आणि काच वर आली. मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो. बाई उंच, करड्या केसांच्या, हातात बारकी टॉर्च. शर्वाणीने हात धुतले, पुसले, वाळवले, पुन्हा पुसले. पोथीसमोर उभी राहिली आणि तिचा उजवा हात वर निघाला.

छातीपाशी आला. हनुवटीपाशी आला. माझ्या पाचावर धारण बसली. ओठांपासून दोन बोटांवर हात थांबला आणि तिथेच राहिला.

"का थांबलीस?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

माझी पोरगी खोटं बोलली असती तरी मी माफ केलं असतं. पण ती सरळ म्हणाली, की आमच्या घरी सगळे बोट चाटून पान उलटतात, तीन आठवडे सवय मोडतेय, कारलंसुद्धा लावून झालं. कारल्याला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगायलाही ती विसरली नाही. मी मनात म्हटलं, खलास.

बाईंनी टॉर्च पानाच्या खालच्या कोपऱ्यावर तिरपी धरली आणि मलाही हाताने बोलावलं. कोपरा तपकिरी होता, तेलकट, गुळगुळीत झालेला. कित्येक पानांचा असाच आहे, त्या म्हणाल्या. "शेकडो वर्षं मठातल्या साधूंची बोटं लागली आहेत, आणि ती सगळी कोरडी होती असं मी काही छातीठोक सांगणार नाही."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. बाराशे वर्षांत आमच्याच जातकुळीची माणसं. मी भर गॅलरीत मराठीत म्हणालो, "मग लाव की गं थुंकी."

"बाबा, प्लीज," शर्वाणी म्हणाली. मोईन पाठ फिरवून खांदे हलवत हसत होता. बाईंना भाषा कळली नाही, अर्थ कळला असावा, कारण त्याही हसल्या. मग शर्वाणीही हसली, आणि हसता हसता तिचा हात खाली आला. कोरडं बोट तिने पानाच्या कडेखाली सरकवलं, तळहाताचा आधार दिला आणि पान उलटलं. आवाज असा झाला की नव्या चादरीची घडी मोडावी. पलीकडे लाल-हिरवं, हातभर अक्षर निघालं.

"तीन महिन्यांनी मी येणार नाही," बाई म्हणाल्या. "माझी गरज नाही."

त्यांनी पोथीबरोबर फिरणाऱ्या कागदांची फाईल काढली. मालकापासून बांधणी करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं त्यात होती. शेवटी एक रिकामी ओळ होती: पान उलटण्याची परवानगी कुणाला. "पूर्ण नाव लिही," बाई म्हणाल्या.

शर्वाणीने आपलं नाव लिहिलं. मग आपल्याकडे लिहितात तसं मध्ये माझं लिहिलं, आणि मग आडनाव. मी उल्हास, काचवाला, बाराशे वर्षांच्या पोथीच्या कागदांत मधोमध बसलो, आणि गॅलरीत सगळ्यांसमोर रडलो.