जरा मागं सरका

लग्नात आमच्या ह्यांचं एकच पालुपद असतं, "जरा मागं सरका!" शिरूरमध्ये स्टुडिओ टाकून इतकी वर्षं झाली, पण कॅमेरा दुसऱ्यांच्या नवरा-नवरीपलीकडे कधी गेला नाही. यंदा पतसंस्थेच्या मारुतरावांनी कॅलेंडरसाठी टाकळी हाजीच्या कुंडांचा फोटो मागितला. "खाली तुमचं नाव छापू, विनोदराव," असं म्हणाले, आणि ह्यांची झोपच उडाली.

कॅलेंडर उद्या छपाईला जाणार, आणि परतीचा पाऊस थांबायचं नाव घेईना. शेवटी कॅमेरा खताच्या पिशवीत गुंडाळून निघालो. मला कशाला नेलं? तर खडक केवढा ते कळायला शेजारी माणूस लागतं. म्हणजे मी फूटपट्टी!

मळगंगेच्या देवळापाशी गाडी लावून काळ्या खडकावरून चालत गेलो. कुकडीनं तिथला दगड कोरून जागोजागी माणूस मावेल एवढे रांजण पाडलेत, तीच ही कुंडं. उन्हाळ्यात पाहिले तेव्हा मला ती नुसती भोकं वाटली होती. आज वारा उभं राहू देत नव्हता आणि नदी नुसती गर्जत होती.

ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. "सुलक्षणा, जरा मागं सरक." सरकले. "आजून थोडी." सरकले. "आजून..."

तेवढ्यात मागून जात्यासारखी घरघर ऐकू आली. मी जागच्या जागी वळले. पायाशीच एक रांजण तुडुंब भरला होता. पाणी गरगरत होतं, खोल आत गोटे दगडाला घासत होते आणि खडक माझ्या तळव्याखाली थरथरत होता. मला वाटायचं, हे काम कधीच संपलंय. नदी तर अजून रांजण घडवत होती! अंगावर काटा आला. हात आपोआप जोडले गेले.

"आवो, इकडं या! हे आजून चालू हाय!"

मागे फक्त कॅमेऱ्याचा आवाज झाला. मग हे आले, माझा दंड घट्ट धरला आणि कितीतरी वेळ तिथंच ऐकत उभे राहिले.

तोच फोटो छापला. मारुतराव म्हणाले, "झकास हाय, पर वहिनींचं तोंड न्हाई दिसत." घरी आम्ही दोघांनी फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा माझं अर्धं पाऊल रांजणाच्या काठाबाहेर दिसलं.

आता लग्नात हे म्हणतात, "पुढं या, पुढं," आणि स्वतः मागं सरकतात. परवा मांडवगणला असेच सरकत थेट आचाऱ्याच्या भांड्यांत जाऊन बसले. अख्खा मांडव हसला. मला मात्र हसू आलं नाही.