भेग मिटवायचा मंत्र

रतनबाईंच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सोनईहून माणसं आली होती, शनिशिंगणापूरला निघालेली एक जीपसुद्धा वाट वाकडी करून थांबली होती. आणि सगळे बघत काय होते, तर भिंत. एप्रिलमध्ये तिच्या भेगेत माझा अंगठा जात होता. आता मे महिन्यात दोराही जात नव्हता. लोक भेगेला हळदकुंकू वाहत होते.

चमत्कार पाताळनाथ बाबाचा. त्याचं म्हणणं असं, की घराखाली वास्तुपुरुष झोपलेला असतो. नवी सून निकिता डावं पाऊल टाकून आत आली, त्याची झोपमोड झाली, तो कुशीवर वळला आणि भिंत फाटली. उपाय म्हणून अकरा दिवस भिंतीच्या बुडाला रोज एकावन्न घागरी पाणी, वर बाबाचा मंत्र. मंत्र मी नीट ऐकला. त्यात 'ह्रीं' होतं, 'फट्' होतं आणि मध्येच एकदा खोकला होता. त्या खोकल्यालाही भक्तांनी हात जोडले.

"वास्तुपुरुष सरळ झालाय," बाबा म्हणाला, "पर ही पोरगी घरात ऱ्हायली तर तो पुन्हा वळंल. अमावस्येच्या आत हिला माहेरी धाडा. कायमची."

रतनबाई खरंच सुनेची बॅग भरायला आत गेल्या. त्यांचा मुलगा रविराज मान खाली घालून उभा. लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते. निकिता दारात उभी होती, रडतही नव्हती. माझं टाळकं फिरलं.

मी भीमा मिस्त्री. तीस वर्षं या भागात घरांचे पाये भरतोय, आणि हे घरही मीच बांधलंय. भेग का पडली ते गावात मला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि नेमकं तेच सांगायला माझी जीभ रेटेना.

म्हणून दुसरी वाट काढली. मागच्या भिंतीलाही तशीच भेग होती, तिकडं बाबा फिरकला नव्हता. मी म्हणालो, तिला निकिता पाणी घालील, मंत्र मी म्हणीन. अकरा दिवसांत मिटली तर पोर इथंच राहील. बाबा हसला. हिच्या हातचं पाणी पडलं तर भिंतच पडेल म्हणाला. पडली तर फुकट बांधून देतो, असं मी म्हणालो. रतनबाई तिथल्या तिथं तयार झाल्या.

घागरी कोण मोजत बसणार? निकितानं सरळ मोटारीचा पाईप लावला. मी डोळे मिटून म्हणायचो, "एकास दोनास चार, स्वाहा." चौथ्या दिवशी शेजारच्या छबूबाई फुलं घेऊन आल्या आणि हा कुठला देव म्हणून विचारलं. सिमेंट एक, वाळू दोन, खडी चार, असं मी सांगितलं. जागृत दिसतोय, म्हणत त्यांनी फुलं वाहिली.

निकिता मात्र देवाच्या भरवशावर नव्हती. दोन्ही भेगांवर ती रोज पेन्सिलनं खूण करून तारीख लिहायची. मागची भेग मिटत चालली होती. पुढच्या भिंतीचं पाणी बंद होऊन तिथं रखरखीत ऊन लागत होतं, आणि तिथली भेग पुन्हा तोंड उघडत होती.

बाराव्या दिवशी पुन्हा गर्दी जमली. पुढची भेग बघून बाबा खूश झाला. पोरगी घरात ऱ्हायली म्हणून उघडली, म्हणाला.

निकितानं मागच्या भिंतीकडं बोट केलं. "मग ती मिटली कुणामुळं? पाणी तर मीच घातलं."

बाबाला खोकला आला. या वेळी कुणी हात जोडले नाहीत.

आता गप्प राहणं मला जमेना. कुदळ घेतली आणि भिंतीलगत खड्डा खणला. तीन फुटांवर पाया संपला. खाली नुसती काळी माती. पाया टेकवायचा तो घट्ट मुरूम लागला सात फुटांवर.

"ही माती उन्हात आकसती, भिंत खचती," मी म्हणालो. "पानी मुरलं की फुगती, भिंत उचलती. लग्नाआधी घर उभं करायची घाई हुती, म्हनून मी तीन फुटांवर थांबलो. चूक माझी हाय. ह्या पोरीची न्हाई."

बोललो खरा, पण शरमेनं मान वर होईना. दुसऱ्याच दिवशी एकानं माझं ठरलेलं काम दुसऱ्याला दिलं. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बाबा तर खड्डा बुजायच्या आतच गावाबाहेर गेला होता.

रतनबाईंनी बॅग स्वतःच्या हातांनी रिकामी केली. नंतर भिंतीखालून थोडं थोडं खणत मी मुरुमापर्यंत काँक्रीट भरलं, घराभोवती फरशीचा पट्टा घातला, म्हणजे पाणी बुडाशी मुरणार नाही. रंग देताना निकिताच्या पेन्सिलच्या खुणा रतनबाईंनी पुसू दिल्या नाहीत.

यंदाचा उन्हाळा कडक गेला. भेग नाही. तरी परवा एक बाई रतनबाईंकडं आली; तिच्याही घराला तडा गेलाय, बाबाचा पत्ता हवा होता. रतनबाईंनी तिच्या हातात कुदळ ठेवली.

"आधी खाली खनून बघ," त्या म्हणाल्या. "आन् खाली काय बी निघू दे, सुनेला घराबाहेर काढू नको."