विहीणबाईंची वेणी

हळदीला मी येणार नाही म्हटल्यावर भाच्यानं, भूपेशनं, घर डोक्यावर घेतलं. इंजिनीअर झालाय गाढव! "आत्या, तू धवले गायली नाहीस तर मी हळद लावूनच घेणार नाय." आमच्या खरवईत लग्न म्हटलं की धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणणारी धवलारीण पाहिजेच, आणि आमच्या आळीतली धवलारीण मीच, सखू. पण मला छातीचा कॅन्सर निघालेला, केमोनं डोकं तुळतुळीत केलेलं. पुढचा केमो मंगळवारी होता आणि मी जाणार नव्हते. नवऱ्याला, बुधाजीला, सांगून टाकलेलं, "मरायचंच आहे तर घरी मरेन, तिकडं ओकून ओकून नाय."  मी टीव्हीमागं टाकलेली दवाखान्याची फाईल तो बिचारा रोज काढून समोर ठेवायचा.

शेवटी भूपेशनंच उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधनं केसांचा टोप आणला. काळाभोर, कमरेपर्यंत! "अरे मुडद्या, आत्याला हिरोईन समजलास काय?" ओरडले, पण घातला. आरशात बघून मला हसू आवरेना.

हळद लागली, धवले झाले. मग उष्टी हळद घेऊन आम्ही बायका टेम्पोतनं अंबरनाथला निघालो, नवरीकडं. उष्टी हळद न्यायची तर गाण्यातनं विहिणीची खेचायची, हा आमचा हक्कच.

नवरीची आई सुरुची दारातच उभी होती. पाठीवर ही मनगटाएवढी जाड वेणी. खरं सांगते, जळले मी. तिथंच सूर लावला:

"विहीणबाई नटली गो, दारामधी थाटली गो,
एवढी वेणी डोक्यावरची कुनाची लाटली गो!"

बायका खिदळल्या. विहीण काय कमी? तिनं माझा हात धरून ओढलंच मला मांडवात. बँजो वाजायला लागला. मी रंगात येऊन अशी गिरकी घेतली की टोप उडाला, तो थेट हळदीच्या ताटात.

बँजो बंद. "अगो बाय!" कुणीतरी म्हणालं. माझं टाळकं ट्यूबलाईटखाली चमकतंय आणि सगळा मांडव बघतोय. मला लाज वाटली, मग त्या लाजेचाच राग आला.

"काय बघताय? छातीचा कॅन्सर आहे मला. मरायला टेकलेय. पुढं?"

सुरुची पुढं आली. वेणी खांद्यावरनं पुढं घेऊन माझ्या हातात दिली.

"चारचौघांत लाटलेली म्हणालीस ना? ओढ."

"जाऊ दे गो, ती गंमत..."

"ओढ म्हणते ना!"

मला आधीच राग आलेला. ओढली खसकन.

"आई गं!" सुरुची किंचाळली. डोळ्यांत पाणी, आणि हसतेय. "माझी ही राजसी शाळेत होती तेव्हा माझं डोकं असंच होतं. मला पण छातीचाच. मी पण केमो सोडून घरी बसणार होते. आज पोरीची हळद बघतेय."

माझ्या हातातनं वेणी सुटेना. खरी होती गो, मुळासकट खरी! रडू येत होतं, पण त्याआधी हसूच फुटलं. सुरुचीनं ताटातनं ओंजळभर हळद घेतली आणि थापली माझ्या डोक्यावर. "इथं जागा भरपूर आहे, या गो सगळ्याजणी!" मग काय, बँजोवाल्यानं असा काही ताल धरला की नवरी राजसीसुद्धा पाटावरनं उठून नाचायला आली.

निघताना सुरुची म्हणाली, "नातवाच्या बारशाला मी तुझी ओढणार. तयार ठेव."

टोप पिशवीत घालून, पिवळंधमक डोकं घेऊन मी घरी आले. बुधाजी ओटीवरच बसलेला.

"अवो, मंगळवारी लवकर निघायचंय," मी म्हटलं. "बारशाला विहीण माझी वेणी ओढणारे."

त्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं.

"कुठली वेणी गो?" म्हणाला, आणि टीव्हीमागची फाईल आणायला आत धावला.