हिरव्या डब्याच्या दोन वाटा

"वाजव तू. मी ऐकतोय."

तो आवाज स्वयंपाकघरातून यायचा. कधी भांडी विसळता विसळता, कधी गालावर दाढीचा फेस तसाच ठेवून, पण यायचा. बाहेरच्या खोलीत ठिणगी मांडीवर बापाचं मॅन्डोलिन घेऊन बसलेली असायची. वाद्य मांडीत मावायचं नाही, तारा बोटांना चावायच्या. मग ती मुद्दाम थांबायची. बघू या तरी, खरंच ऐकतात का. आत नळ बंद व्हायचा, क्षणभर घर गप्प व्हायचं, आणि पुन्हा तेच: "थांबलीस का गं? वाजव तू. मी ऐकतोय."

चुकलं तर चुकलं म्हणून बाबा कधी रागावले नाहीत, जमलं तर जमलं म्हणून कौतुकही केलं नाही. नुसते ऐकत असायचे. आई गेल्यावर त्या घरात पांघरूण असं ते एवढंच होतं, आणि पोरीला ते पुरलं.

वादक मात्र ती झाली नाही. तिची बोटं तारांपेक्षा वायरींत रमली. बाबा ॲम्प, म्हणजे वाद्याचा आवाज वाढवणारा खोका, उघडून बसले की ही शेजारी. एकदा सोल्डरिंगचा तापलेला थेंब उडून तिच्या फ्रॉकला भोक पडलं, आणि रडायचं सोडून ती त्या भोकातून बोट काढून हसत बसली, तेव्हापासून तिचं नाव ठिणगी. पुढे बाबा ज्या ऑर्केस्ट्रात मॅन्डोलिन वाजवायचे, त्याच ऑर्केस्ट्राचे सगळे आवाज जिथून कमीजास्त करतात, त्या मिक्सरवर ती बसायला लागली. बाप स्टेजवर, लेक हॉलच्या मागच्या टोकाला, आणि मध्ये अंधारातली माणसं.

पहिल्या कार्यक्रमाआधी बाबांनी तिला एक डबा करून दिला. लोखंडी, ओंजळीत मावेल एवढा, स्वयंपाकघराच्या कपाटाचा उरलेला हिरवा रंग दिलेला. दुकानात त्याला डायरेक्ट बॉक्स म्हणतात. यांच्या घरात तो हिरवा डबाच.

"मॅन्डोलिनचा आवाज म्हणजे घरकोंबडं पोर," बाबा म्हणाले होते. "लांब केबलीतून एकटं पाठवलं तर वाटेतच अर्धं गळून जातं. उरलेल्या अर्ध्याला दिव्यांची नि पंख्यांची घरघर चिकटते. या डब्यातून गेलं की ते धीट होतं. मग किती का लांब असेना, नीट पोचतं." मग डबा उलटासुलटा करून दाखवत: "आत यायला वाट एक, बाहेर जायला दोन. ही माझ्या ॲम्पला, म्हणजे माझं मला ऐकू येईल. ही तुझ्या मिक्सरला, म्हणजे लोकांना ऐकू जाईल. मी इकडे, तू तिकडे, आणि मध्ये हा."

यातली दुसरी वाट ठिणगीने गेले वर्षभर बंद ठेवली होती.

झालं होतं ते असं. बाबांची बोटं जड व्हायला लागली. आधी सकाळी, मग दिवसभर. एका कार्यक्रमात मधला तुकडा त्यांच्या हातून साफ निसटला, गायिका तोंड उघडून तशीच उभी राहिली आणि अख्खा हॉल मागे वळून मिक्सरकडे बघायला लागला. आवाजाचं काही बिनसलं की लोक वादकाकडे बघत नाहीत, मिक्सरवालीकडे बघतात. कार्यक्रम संपल्यावर मॅनेजर तिच्याशेजारी येऊन बसला.

"काका म्हणजे सोन्यासारखा माणूस," तो म्हणाला. "मी काढू त्यांना? तूच सांग."

"नको."

"मग त्यांची लाईन बंद ठेव. ॲम्प त्यांच्या कानाशी आहे, त्यांना कळायचंसुद्धा नाही. मॅन्डोलिनचे तुकडे आपण कीबोर्डवर मारू. त्यात मॅन्डोलिनचा आवाज आहे, लोकांना काय, कळतंय थोडंच."

आजच्यापुरतं, असं म्हणून तिने ते बटण दाबलं. छोटा लाल दिवा लागला. आजच्यापुरतं म्हणून दाबलेली बटणं किती दिवस दाबलेली राहतात, हे ज्याचं त्याला माहीत.

तेव्हापासून दर कार्यक्रमाला ती डबा जपून लावायची, केबल पायात येऊ नये म्हणून वरून पट्टी चिकटवायची. रिकाम्या हॉलमध्ये आवाज तपासताना बाबांची लाईन उघडी असायची. ते दोन सूर छेडायचे, ती लांबून अंगठा दाखवायची, ते मान हलवायचे. मग लोक आत यायचे, खुर्च्या भरायच्या, आणि तिचं बोट गुपचूप लाल बटणावर जायचं. सगळं खरं करून झालं की मग खोटं. लोकांसाठी बंद असलेली त्यांची लाईन हेडफोन लावून तिला एकटीला ऐकता आली असती. त्याला कुणाची ना नव्हती. तिने एकदाही ऐकली नाही. ऐकलं असतं तर काहीतरी ठरवावं लागलं असतं.

आज आत्या आली होती. बाबांची थोरली बहीण, गुडघ्यांनी घरात डांबून ठेवलेली, जिभेने मात्र अजून मोकळी. भावाचं वाजवणं तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. बाबांना कार्यक्रमात एकच तुकडा स्वतःचा असा होता, एका गाण्याच्या मधला. त्यांची आई त्यांना निजवताना गुणगुणायची त्या चालीवरून त्यांनी तो बांधला होता. आईच्या तोंडून ती चाल ऐकलेली आता जगात दोघंच, एक भाऊ आणि एक बहीण. आत्या त्या तुकड्यासाठी आली होती. बाबांनी सकाळीच नव्या तारा चढवल्या, शर्टाला स्वतः इस्त्री केली, आणि बहिणीचा हात धरून तिला हॉलच्या मागे आणून थेट मिक्सरशेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"इथे आवाज सगळ्यात चांगला येतो, ताई," ते म्हणाले. "माझी ठिणगी बसते तिथे."

ते स्टेजकडे निघाले तेव्हा ठिणगीने मनाशी नक्की केलं. आज तो तुकडा आला की लाईन उघडायची. हात अडखळला तर अडखळला. मॅनेजर काय बोलेल ते बोलू दे.

कार्यक्रम सुरू झाला. आत्याने पहिल्या गाण्यापासून परीक्षकाची खुर्ची घेतली. "त्या गाणाऱ्याला कुणीतरी सांगा गं, माईक खायचा नसतो." ढोलकीवाला बरा म्हणाली, "पण घाबरलाय. बायकोने पाठवलेला दिसतो." ठिणगीला हसू आलं. पण पुढच्या गाण्यात मॅन्डोलिन होतं.

ते वाजलं. गोड, स्वच्छ, काचेवर थेंब ओघळावा तसं. आत्याच्या कपाळाला आठी पडली.

"हा आपला नाही."

"कोण?"

"वाजवणारा. आपला दाराशी चपला काढतो, पाय पुसतो, मग सुरात शिरतो. लहानपणापासूनची खोड आहे त्याची. आई म्हणायची, हा जेवायला पण उशिरा येणार नि वाजवायला पण. हा बघ कसा, चपलांसकट घुसला."

"हॉल मोठा आहे ना आत्या. आवाज फिरतो, म्हणून वाटतं तसं."

इतक्या सहज निघालं तोंडातून की तिची तिलाच चीड आली. आत्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा स्टेजकडे तोंड केलं. आपल्या कानांवर शंका घ्यायला लावलं मी हिला, ठिणगीला वाटलं. म्हाताऱ्या माणसाजवळ उरलेल्या चार गोष्टींतली एक काढून घेतली.

मग ते गाणं आलं. गायिका मागे सरकली, एक दिवा बाबांवर स्थिरावला. त्यांनी डोळे मिटले, मान वाद्यावर वाकली. ठिणगीचं बोट लाल बटणावर होतं. दाबलं की दिवा विझणार, वाट उघडणार, आणि हिरव्या डब्यातून निघालेला त्यांचा सूर अंधार ओलांडून येणार, कापरा असेल, उशिरा येईल, पण त्यांचा.

तिला एकदम ते वळलेले चेहरे आठवले. ओळीच्या ओळी, तिच्याकडे बघणारे.

बोट बटणावर होतं, आणि तिथेच राहिलं. वर्षभर ती स्वतःला सांगत आली होती की हे बाबांसाठी चाललंय. त्यांचा मान, त्यांची जागा, त्यांचं मन. आता बोट हलेना तेव्हा तिला कळलं, ती कुणाला वाचवत होती.

कीबोर्डवाल्याने मान खाली घातली आणि आजीची अंगाई हॉलभर पसरली. एकही सूर इकडचा तिकडे नाही. कुणीतरी "वा" म्हणालं.

आणि बाबांच्या हातातलं पिक, तारा छेडायची ती चिमुकली चकती, खाली पडलं.

काळजीपूर्वक धरलेलं होतं, पण बोटांनी सोडलं. ते वाकले. एक हात वाद्यावर, दुसरा हात जमिनीवर चाचपडत. आणि मॅन्डोलिन वाजतच राहिलं. दिव्याच्या झोतात म्हातारा खाली वाकून पिक शोधतोय आणि वर त्याचं मॅन्डोलिन हसत-खेळत, मुरकत वाजतंय. पुढच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी कुणी. कीबोर्डवाल्याची मान खालीच, त्याला काय पत्ता.

वाकलेले बाबा थबकले. ॲम्पपासून कान लांब गेला होता, आणि हॉलच्या मागच्या भिंतीवरून परत आलेला सूर त्यांना ऐकू आला असावा. आपली चाल. आपण न वाजवलेली. त्यांनी सावकाश मान वळवून कीबोर्डवाल्याच्या हातांकडे बघितलं. मग पायाशी ठेवलेल्या हिरव्या डब्याकडे. मिक्सरकडे त्यांनी बघितलं नाही. ठिणगी वाट बघत राहिली, पण त्यांनी बघितलं नाही.

पिक सापडलं. ते सरळ बसले, डोळे मिटले आणि हात चालवायला लागले. मघासारखाच, लयीत. हसणारे गप्प झाले. चला, वाजवतायत की, चुकून काहीतरी वाटलं आपल्याला.

ठिणगीने हेडफोन कानाला लावले आणि वर्षात पहिल्यांदा बाबांच्या लाईनचं ऐकायचं बटण दाबलं.

काही नव्हतं. तिकडे स्टेजवर हात खालीवर होत होता, पिक तारांच्या वरून जात होतं, तारांना शिवत नव्हतं. त्यांना कळलं होतं. आणि कळल्यावर त्यांनी हे केलं होतं. लेकीची लबाडी चारचौघांत उघडी पडू नये म्हणून स्वतःच तिच्यात सामील झाले होते. हिरवा डबा आपलं काम चोख करत होता. त्याने ती शांतता जशीच्या तशी तिच्यापर्यंत आणली, घरघर नाही, खरखर नाही.

"त्यात काय ऐकू येतंय गं?" आत्याने विचारलं.

"काही नाही," ठिणगी म्हणाली. संध्याकाळपासून आत्याशी ती पहिल्यांदा खरं बोलली होती.

टाळ्या झाल्या. पडदा पडल्यावर लोक स्टेजवर चढले. एका गृहस्थांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. "या वयात इतकं स्वच्छ वाजवता म्हणजे कमाल आहे." बाबांनी हात सोडवून जोडले. "तुम्ही गोड मानून घेता," ते म्हणाले, आणि कान लाल झालेले ठिणगीला खालूनसुद्धा दिसले. मॅनेजर जाता जाता म्हणाला, "काका, आज रंगलं हं," आणि घाईघाईने विंगेत गेला. आत्या आपल्या खुर्चीवरून उठली नव्हती. तिने भावाला हाकही मारली नाही.

गर्दी ओसरली. ठिणगी केबली गुंडाळायला स्टेजवर गेली. बाबा आधीच खाली बसून हिरव्या डब्यातली केबल काढत होते. त्यांनी केबलचं टोक तिच्याकडे दिलं आणि दोघं नेहमीसारखी गुंडाळायला लागली, एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. हे पण त्यांनीच शिकवलेलं.

"आज घरघर आली का गं?"

"नाही बाबा."

"मग डबा चांगला झालाय म्हणायचा."

ते डब्याच्या स्क्रूवर अंगठा फिरवत राहिले. कपाटाचा हिरवा रंग कोपऱ्यांवर उडाला होता, खालचं लोखंड दिसत होतं. काही बोलायचं असतं तर ते आता बोलले असते. रागावायचं असतं तर आता. पण त्यांनी आयुष्यात कधी न विचारलेली गोष्ट विचारली, तीही डब्याकडेच बघत, एखाद्या पोराने शाळेतून येऊन विचारावी तशी.

"मधला तुकडा कसा वाटला तुला?"

"छान" हा शब्द तिच्या ओठांवर तयार होता. वर्षभर तोच वापरला होता, आता गुळगुळीत झाला होता. तो म्हटला असता तर बाबांनी मान हलवली असती, डबा पिशवीत टाकला असता, आणि दोघं आत्याला मध्ये धरून घरी गेली असती. पुढच्या कार्यक्रमालाही ते हात चालवायला आले असते. तिच्यासाठी आले असते.

केबलचा वेढा तिच्या हातात अर्धाच राहिला.

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "वर्षभर मी तुमची लाईन बंद ठेवलीय. मी ऐकत नव्हते."